खाटेच्या उंचीची जमीन

दवनीवाड्यात फुलवंतावहिनीबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येई. ही बाई आजाऱ्याच्या घरी बसून हसते, अशी ती तक्रार. ती खरीही होती. ज्या घरात लोक दारापासूनच चेहरा पाडून शिरत, त्या घरातून तिचे हसणे रस्त्यापर्यंत ऐकू येई, आणि थोड्या वेळाने आजाऱ्याचेही.

आमच्या भाऊबंदांपैकी दुधराम याची ती बायको. स्वराज्य आले त्या वर्षी दुधराम क्षयाने गेला. त्याआधी बरीच वर्षे तो अंथरुणावर होता, आणि त्या काळी क्षयाच्या घरात कोणी पाऊल टाकत नसे. वहिनी एकटीच त्याचे सर्व करीत राहिली. पुढे सासू पडली, तिचेही केले. मग शेजारच्या धुरपताबाईच्या सासऱ्याचे अर्धे अंग गेले, तेव्हा घाबरून गेलेली धुरपताबाई वहिनीला हात धरून घेऊन गेली. तिथून ती रीतच पडली. दिराकडे कसायला लावलेल्या भाताच्या बांधीतून तिच्यापुरते धान येई. आजाऱ्याच्या घरी ती जेवण आणि चहा एवढेच घेई. चहा मात्र तिला वरचेवर लागे, आणि तो पातळ झाला तर ती घरधन्याच्या तोंडावर सांगे.

माणूस बरा होणार की नाही, याबद्दल ती एक शब्द काढत नसे. ते डॉक्टरांचे काम. ती आजाऱ्याची कूस बदलून देई, टाचांखाली तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गादी सारी, तोंड कोरडे पडले की ओल्या कापडाने ओठ पुसी. खोलीत कोणी कुजबुजू लागले तर त्याला बाहेर काढी. "बोलायचं तर मोठ्यानं बोल. त्याले ऐकू येते," असे ती म्हणे. रोज सकाळी ती आजाऱ्यालाच विचारी, "आज भाजी कोनती करायची?" त्याला घास उतरत नसला तरी विचारी, आणि तो सांगेल तीच भाजी त्या घरी होई. दुपारी चौपटाचा डाव मांडी. त्या डावात ती कोणालाच जिंकू देत नसे. मी एकदा म्हटले, "वहिनी, एखाद्या वेळी हरत जा. तेवढंच बिचाऱ्याला बरं वाटेल."

"मुद्दाम हरलं का त्याले समजून जाते, बाबूसाहेब," ती म्हणाली. मी गोंदियात नोकरी धरून पॅन्ट घालू लागल्यापासून ती मला बाबूसाहेबच म्हणे. "मग तो खेळत नाही. नुसता पडून राहते."

माझा चुलतभाऊ उदेलालदादा आजारी पडला ती गोष्ट १९५४ ची. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. मी गोंदियाजवळ फुलचूरला घर केले होते आणि दर रविवारी सायकलने दवनीवाड्याला त्याच्याकडे जात असे. दादा थट्टेखोर माणूस. पावसाळ्यात त्याचे पोट दुखू लागले. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेले, तेव्हा पोटात गाठ असल्याचे आणि ती काढण्याची वेळ निघून गेल्याचे कळले. घरी आल्यावर दुखणे वाढतच गेले. दादा रात्र रात्र जागा असे.

अखेर त्याचा मुलगा छोटेलाल गोंदियाच्या एका डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर सरळ बोलणारे होते. "तुझे वडील बरे होणार नाहीत," ते म्हणाले, "पण त्यांना दुखू न देणं आपल्या हातात आहे. दुखणं चढायची वाट पाहायची नाही. त्याच्या आधीच औषध द्यायचं." त्यांनी पातळ औषधाची बाटली दिली, मात्रा सांगितली, आणि पहिल्यांदा हे औषध पोटात गेले की माणूस गाढ झोपेल, कारण त्याची बरीच झोप राहिली आहे, घाबरू नका, असेही सांगितले. छोटेलालने घरी येऊन मात्रा बरोबर सांगितली. झोपेचे सांगायचे राहिले. संध्याकाळचे औषध देऊन, सकाळी लवकर उठून तो गाडी घेऊन दिवसभरासाठी परगावी निघून गेला.

फुलवंतावहिनी त्या वेळी देवरीला भावाकडे गेली होती. ती असती तर पुढचे काही झाले नसते.

सकाळी दादा उठेना. तोंड उघडे, श्वास अगदी सावकाश. त्याची बायको सुखवंतावहिनी हिने त्याला हलवले, तर तो नुसता हुंकारला. ती धावत हुकुमचंद काकाजींकडे गेली. काकाजी आमच्या घराण्यातले सर्वांत वडील. त्यांनी येऊन मनगट धरले, नखे पाहिली आणि म्हणाले, "खाली घ्या."

माणसाचा जीव खाटेवर जाऊ द्यायचा नाही, जमिनीवर जाऊ द्यायचा, हा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. लगेच जमीन सारवली, दादाला खाटेवरून उतरवून तिच्यावर ठेवले, उशाशी तुळशीची कुंडी आणली, तोंडात गंगाजळ घातले. मला गोंदियात निरोप आला, "उदेलालभाऊले खाली घेतलं." मी रजा टाकून पोहोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरले होते. दोघे जण बांबू पाहायला गेले होते.

दुपार कलताना दादाने डोळे उघडले. भोवतीची गर्दी पाहिली, रडणाऱ्या बायका पाहिल्या आणि विचारले, "कोन मेलं?"

रडणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"अवं, सांग ना," तो सुखवंतावहिनीला म्हणाला. "कोन गेलं? आन मले खाली काऊन टाकलं?" मग थोडे थांबून, "जो गेला तो गेला. चहा मांड. लय दिवसांनी झोप लागली."

धुरपताबाईला रडता रडता हसू फुटले आणि ती पदराचा बोळा तोंडात धरून बाहेर पळाली. मीही हसलो. वाटले, संकट टळले, आता दादाला उचलून खाटेवर ठेवायचे आणि पाहुण्यांना जेवू घालून परत पाठवायचे. मी खाटेला हात लावला तोच काकाजींनी काठी आडवी धरली.

"थांब. जमिनीले दिलेला मानूस परत घेत नाही."

"पण काकाजी, ती झोप होती. अंदाज चुकला."

"अंदाज चुकला असंल. दिलं ते दिलं. तिच्या हातचा काढून घेतला का ती त्याच घरातला दुसरा मागते."

हे ऐकताच सुखवंतावहिनीची नजर आतल्या खोलीकडे गेली. तिथे पाळण्यात छोटेलालचा पहिला मुलगा झोपला होता, नुकता मान सावरू लागलेला. तिने खाट स्वतःच्या हाताने भिंतीला उभी करून टाकली.

दादा जमिनीवरच राहिला. मार्गशीर्षाची थंडी होती आणि मातीच्या जमिनीतून गारठा वर येई. काकाजींनी एका घोंगडीपुरती परवानगी दिली होती. औषधाने दुखणे आटोक्यात आले, पण कूस बदलायला छोटेलालला आणि सुनेला कमरेत पार वाकावे लागे, आणि एवढे करूनही दादाची हाडे जमिनीला टोचत. भेटायला येणारे वरून वाकून पाहत आणि बोलावे काय ते न सुचून निघून जात. काही पाहुणे मुक्कामालाच थांबले. देवरीकडचे एक सोयरे तर उघड म्हणाले, "आता आलोच आहो, तर आटपूनच जातो."

पुढच्या रविवारी मी त्याच्याजवळ बसलो, तेव्हा दादा म्हणाला, "बापू, मले आता तोंडं दिसत नाही. नुसते पाय दिसतात. पायांवरूनच मानसं ओळखून राहिलो. तुझी टाच फुटली आहे, तेल लाव."

"लावतो."

"बाहेर मळनी चालू आहे ना? बैल ऐकू येतात. पन उंबरठ्याच्या पलीकडचं काही दिसत नाही." मग हळूच म्हणाला, "मरायचं काही वाटत नाही रे. पन मरेपर्यंत मेल्यासारखं ठेवून राहिले मले. नातूही आनत नाही कोनी जवळ."

नातू आणत नव्हते, हे खरे होते. मी सुखवंतावहिनीशी बोलून पाहिले. ती चुलीसमोर बसली होती. म्हणाली, "मले काय बरं वाटते का भाऊजी, त्याले मातीत पडलेलं पाहून? मी काय दगड आहो? पन उद्या बाळाले काही झालं, तर मी सुनेले कोनतं तोंड दाखवू?" तिची भीती खोटी नव्हती आणि दादाचे दुःखही खोटे नव्हते.

त्याच दुपारी फुलवंतावहिनी देवरीच्या मोटारीने गोंदियाला उतरून, तिथून कोणाच्या तरी बैलगाडीत बसून आली. हातातले गाठोडे तसेच घेऊन ती दादाशेजारी जमिनीवर बसली.

"काय हो भाऊजी, मी जरा गावाले काय गेली, तुम्ही लागलेच निघाले?"

"निघालो नाही वं वहिनी. मले काढून ठेवलं."

दोघेही हसले. पण तिने त्याच्या पाठीखाली हात घालून पाहिला आणि तिचे हसू थांबले. ती उठून काकाजींकडे गेली. मी मागोमाग गेलो. मला वाटले, आता भांडण होणार. भांडण झाले नाही. काकाजींनी सांगितले ते सारे तिने मान हलवत ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "काकाजी, जमीन म्हनजे माती ना? का किती उंच, तेही सांगितलं आहे कोनी?"

"जमिनीले कायची उंची?"

"बस. तेवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली. चहा प्यायली, आणि तिथून थेट केवळरामच्या वाडीत गेली.

केवळराम हा दादाचा लहानपणापासूनचा मित्र. त्याला त्या वर्षी नवी खोली बांधायची होती. थापलेल्या कच्च्या विटा वाळवून त्याने वाडीत रचून ठेवल्या होत्या, भट्टी लागायची होती.

"केवळरामभाऊ, मले विटा पाहिजे. खाटेएवढा ओटा होईल एवढ्या."

"कोनासाठी?"

"उदेलालभाऊजीसाठी."

केवळराम दचकला. "समाधी बांधून राहिली का काय? अन माझ्या नव्या घराच्या विटा मढ्याले?"

"कायचं मढं? तुझा दोस्त आता चहा पिऊन राहिला होता. त्याच्याच घरी जाऊन बस जरा. पाय ओळखते तो. तुझे तर लांबूनच ओळखंल."

केवळराम हसला आणि स्वतःच गाडी जुंपू लागला. "न्या. मी आनखी थापीन. माती काय संपून राहिली का?"

दुसऱ्या दिवशी दादाच्या अंथरुणाला लागूनच ओट्याचे काम सुरू झाले. मी रजा टाकून थांबलो. विटांच्या चार भिंती उठल्या तोच काकाजी काठी टेकत आले.

"हे काय होऊन राहिलं?"

"जमीन वर आनून राहिलो, काकाजी," वहिनी म्हणाली.

काकाजींनी आत डोकावले. "आतून पोकळ आहे. पोकळ म्हनजे खाटच झाली."

"पोकळ कायले ठेवू? मातीनं भरून काढू. तुम्हीच भरा, म्हनजे शंका नको."

काकाजींनी तिच्याकडे पाहिले, काठी भिंतीला लावली, धोतर वर खोचले आणि घमेले उचलले. त्या वयात ते अंगणातून माती आणून आत टाकत होते. अधूनमधून थांबून म्हणत, "आपले वाडवडील मालव्यातून आले तेव्हापासूनचा रिवाज आहे हा. कोनी असं केलं नाही आजपर्यंत."

"मालव्यात ओटे नव्हते का हो?" वहिनीने विचारले.

"मले काय माहीत? मी कुठं गेलो होतो मालव्यात?"

जमिनीवरून दादाचा आवाज आला, "काकाजी, माती नीट दाबा. एकीकडं उतार राहिला तर मी घरंगळून खाली येईन, आन मग पुन्हा पंचाईत."

माती चोपून झाली. ओटा खाटेच्या उंचीचा झाला. शेगड्या ठेवून तो सुकवला. मग काकाजींनीच नवी अडचण काढली. त्यांचा आवाज आता विरोध करणाऱ्याचा नव्हता, काम अंगावर घेतलेल्या माणसाचा होता. "पन वर चढवताना त्याले उचलावं लागंल. तेवढा वेळ जमीन सुटते."

छोटेलालने घमेले खाली ठेवले. वहिनी थोडा वेळ दादाकडे, थोडा वेळ ओट्याकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "केवळरामभाऊ, धानाची पोती गाडीत कशी चढवते तू?"

"फळी लावून, सरकवत."

"मग मातीची फळी कर."

ओट्याच्या पायथ्याशी, दादाच्या अंथरुणापासून वरपर्यंत, मातीचा सपाट उतार घातला. तो चोपून घट्ट केला. त्यानंतर सुखवंतावहिनी पुढे आली. तोपर्यंत ती दाराशीच उभी होती. तिने शेणकाल्याची बादली आणली आणि जमीन, उतार आणि ओटा असे सगळे एकसंध सारवत गेली. सारवण वाळल्यावर तिने दादाजवळच्या जमिनीवर पंजा टेकला आणि हात न उचलता तो उतारावरून वर, ओट्याच्या कडेवरून, थेट माथ्यापर्यंत नेला. मधे कुठे फट लागते का, हे ती पाहत होती. कुठेच लागली नाही. ती फुलवंतावहिनीकडे वळून म्हणाली, "एकच आहे."

"एकच आहे," फुलवंतावहिनी म्हणाली. "घाल तणस."

वर तणसाचा जाड थर पसरला, त्यावर गोधडी. मग दादा ज्या घोंगडीवर होता तिची टोके चौघांनी धरली आणि त्याला सरकवत सरकवत उतारावरून वर नेले. त्याचे अंग क्षणभरही मातीपासून सुटले नाही. काकाजी गुडघ्यांवर बसून तेवढेच पाहत होते.

"धानाच्या पोत्यासारखं चढवून राहिले मले," दादा म्हणाला. मग त्याची पाठ तणसात रुतली. त्याला दारातून खळे दिसत होते. बैल गोल फिरत होते, पलीकडे कापलेल्या धानाचे पुंजणे उभे होते, आणि छोटेलालची बायको सुपाने धान उफणत होती. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. "केवळ्या, लेका, तू म्हातारा दिसून राहिला," तो म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी सुखवंतावहिनीने नातवाला पाळण्यातून उचलले आणि दादाच्या कुशीत आणून ठेवले. बाळाने पहिल्याच फटक्यात आजोबांची मिशी धरली. सुखवंतावहिनी ओट्याच्या कडेला टेकली आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःसाठी चहा मागितला.

मुक्कामी पाहुणे एकेक करून परतले. देवरीचे सोयरे जाताना म्हणाले, "काही झालं तर कळवजा." दादाने ओट्यावरून उत्तर दिले, "कळवतो. मीच येईन सांगायले."

हिवाळा गेला. दादा झिजतच होता, डॉक्टरांनी औषधाची मात्रा दोनदा वाढवून दिली. पण घर बदलले होते. ओट्याच्या कडेवर बसता येत असल्याने लोक आता बसत, चहा पीत, शेतीचे बोलत, आणि दादाशी असहमतही होत. लाखोळीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी करायची की नाही, यावर त्याचे आणि सुखवंतावहिनीचे कडाक्याचे भांडण मी स्वतः ऐकले. फुलवंतावहिनी रोज दुपारी चौपट मांडी. एका रविवारी मी गेलो, तर दादाचा चेहरा फुलला होता. "जिंकलो!" तो म्हणाला. मी संशयाने वहिनीकडे पाहिले.

"माझ्याकडं काय पाहता?" ती फणकाऱ्याने म्हणाली. "खरंच जिंकले. कवड्या पडल्या त्याच्या. उद्या पाहते मी."

मोहाची फुले गळू लागली तेव्हा दादाचे खाणे थांबले. मी त्या दिवशी तिथेच होतो. भर दुपार होती. सून अंगणात मोह वाळत घालत होती, नातू ओट्याच्या उताराशी पोटावर पडून वर सरकायचा प्रयत्न करत होता. दादाला दुखत नव्हते, त्याने मानेने तसे सांगितले. सुखवंतावहिनी त्याच्या पायाशी बसली होती. फुलवंतावहिनीने त्याच्या श्वासाकडे लक्ष दिले आणि छोटेलालला काकाजींना बोलवायला पाठवले.

काकाजी अंगणातूनच सवयीने ओरडत आले, "खाली घ्या रे! लवकर खाली घ्या!"

ते दारात पोहोचले आणि थबकले.

"या, बसा काकाजी," फुलवंतावहिनी शांतपणे म्हणाली. "तो खालीच आहे."

काकाजी ओट्याच्या कडेला बसले आणि त्यांनी दादाच्या कपाळावर हात ठेवला. कोणाची धावपळ झाली नाही, कोणी त्याच्या अंगाखाली हात घातले नाहीत. सुखवंतावहिनीने त्याच्या ओठांवर पाणी लावले. दादा दाराकडे पाहत होता. थोड्या वेळाने त्याचा श्वास थांबला, आणि त्याचे डोळे मिटायला काकाजींना जेमतेम हात हलवावा लागला.

तेरावे झाल्यावर छोटेलालने आईला विचारले, ओटा फोडायचा का? तिने नको म्हटले. नातू त्या उतारावरच उभे राहायला शिकला.

पुढे दवनीवाड्यात आणखी दोन-तीन घरांत असे ओटे झाले. त्यांपैकी एकाही घरी आता आजाऱ्याला शेवटच्या घटकेला ओढाताण करून उतरवत नाहीत. फुलवंतावहिनी म्हणते, आपण फक्त चहा प्यायलो, बाकी सगळे काकाजींनी आणि केवळरामने केले.

मी पुढच्या वर्षी नोकरीतून मोकळा होईन. गेल्या महिन्यात, महाराष्ट्र राज्य झाल्याच्या गडबडीनंतर, गावी गेलो होतो, तेव्हा हुकुमचंद काकाजींच्या घरीही पुढच्या खोलीत ओटा दिसला. मी विचारले, तर म्हणाले, "बांधून ठेवला. मी उदेलालपेक्षा लांब आहो, म्हनून तुझ्या वहिनीले बोलावून माप घेतलं."

फुलवंतावहिनी तिथेच चहा पीत बसली होती. "यांचं सगळं आधीच," ती म्हणाली. "मी म्हटलं, आधी आजारी तर पडा!"

काकाजी अजून ठणठणीत आहेत. त्या ओट्यावर सध्या सुनेने मिरच्या वाळत घातल्या आहेत.